लाबुतिकेतील चार रात्री

‘बुटीक हॉटेल’ हे शब्द गुरुजींच्या कानी प्रथम पडले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे वाक्वाच्या वाटेवरील चिनी दुकान उभे राहिले. तेलाचे पिंप, तांदळाची पोती, खारवलेल्या मासळीचा वास, फळीवर ओळीने मांडलेले पाव आणि गल्ल्याशेजारी खिळ्याला अडकविलेल्या ‘कार्ने’च्या, म्हणजे उधारीच्या, वह्या. मॉरिशसच्या खेड्यात वाढलेल्या माणसास ‘लाबुतिक’ म्हटल्यावर दुसरे काय आठवणार? उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कित्येक घरांच्या चुली त्या वह्यांच्या आधाराने पेटल्या. गुरुजींचे घरही त्यास अपवाद नव्हते.

“मुंबईस जाऊन आपण दुकानात निजायचे की काय?” त्यांनी नातीस विचारले.

नातीला हसू आवरेना. घरात क्रेओल, मैत्रिणींत फ्रेंच, परीक्षेत इंग्रजी आणि आज्यापुढे जेमतेम मराठी अशी तिची भाषांची वाटणी होती. तिने आपल्या त्या जेमतेम मराठीत समजाविले की हे लहान हॉटेल असते, जुन्या घरात असते, खोल्या थोड्या असतात आणि प्रत्येक खोली निराळी असते.

या नावाचा इतिहास तसा फार जुना नाही. न्यूयॉर्क शहरी मॅडिसन ॲव्हेन्यूवर १९८४ साली इयान श्रेगर व स्टीव्ह रुबेल या दोघा भागीदारांनी मॉर्गन्स नावाचे हॉटेल उघडले. मोठी हॉटेले म्हणजे सर्व प्रकारचा माल एका छपराखाली विकणारी भांडारे, आणि आपले म्हणजे निवडक वस्तूंचे छोटे देखणे दुकान, अशी उपमा रुबेल यांनी दिल्याचे सांगतात. ते मूळ हॉटेल २०१७ साली बंद झाले. नाव मात्र जगभर पसरले. सर्वत्र सारख्याच गाद्या, सारखेच पडदे आणि सारखेच हास्य यांना विटलेल्या प्रवाशास आपण शहरातील एखाद्या घरी उतरलो आहोत असे वाटावे, हा त्यामागील हेतू. त्या वाटण्याचे दामही चोख मोजून घेतले जातात, हे सांगावयास नकोच. एका रात्रीच्या भाड्याचा आकडा नातीने गुरुजींस बराच काळ कळू दिला नाही.

गुरुजींनी जवळजवळ चाळीस वर्षे प्राथमिक शाळांतून मराठी शिकविले होते. ‘ळ’ या अक्षराविषयी ते विलक्षण आग्रही. ‘फळ’चे ‘फल’ आणि ‘बाळ’चे ‘बाल’ करणाऱ्या विद्यार्थ्यास ते दहा वेळा उच्चार करावयास लावीत. बेटावरील अनेक प्रौढ गृहस्थ आजही त्यांना रस्त्यात पाहिले की प्रथम जीभ वळवून पाहतात, अशी थट्टा होत असे. नात या शिस्तीतून सुटली नव्हती. किंबहुना ती आज्यापुढे मराठी बोलावयास कचरत असे ती या ‘ळ’च्या धाकानेच.

अशा मनुष्याने कोकण सोडून मुंबईच गाठावी, आणि तीही चार रात्रींपुरती, याचे कारण एका कागदात होते. २०२४ सालच्या मार्च महिन्यात भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला आल्या असता, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीतील मॉरिशसवासीयांसही ‘ओसीआय’ कार्ड मिळावे अशी तरतूद जाहीर झाली. मग घरोघर जुन्या कागदांचा शोध सुरू झाला. गुरुजींच्या मुलाने मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारातून कुळाच्या मूळ पुरुषाच्या नोंदीचा उतारा आणविला. मजुरांची छायाचित्रे काढून ठेवण्याची पद्धत १८६० च्या दशकातील. हा पुरुष त्याच्या आधीच्या दशकात आलेला, म्हणून त्यास चेहरा नव्हता. सहा आकडी क्रमांक होता. नाव, बापाचे नाव, वय बावीस, उंची, डाव्या भुवईवर व्रण, बंदर मुंबई, जिल्हा रत्नागिरी. आणि गावाच्या रकान्यात कारकुनाच्या कानास जे ऐकू आले ते त्याने इंग्रजी अक्षरांत उतरविले होते. आरंभी ‘वेर’ किंवा ‘वर’; पुढे शाई पसरलेली.

गुरुजींनी भिंगाने, उजेडात, उन्हात धरून तो शब्द पाहिला. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्याहून मोठा. आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग त्यात मोडे. त्यातील कोणत्या वाडीत जाऊन कोणाच्या अंगणात उभे राहावयाचे? गाव हरवले ते हरवलेच. मुंबईत मात्र तो नक्की होता. १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मॉरिशसला मजूर नेण्यास पुन्हा मुभा मिळाली होती, आणि जहाज सुटेपर्यंत भरती झालेल्यांस डेपोत ठेवीत. म्हणजे काही रात्री तरी त्याने या शहरात काढल्या असल्या पाहिजेत. साऱ्या भरतखंडात त्याचे पाऊल खात्रीने पडले असे हे एकच ठिकाण गुरुजींच्या हाती उरले होते.

हॉटेल कुलाब्यात होते. ज्या धक्क्यास इंग्रजांनी ‘अपोलो बंदर’ केले आणि मराठी माणसे पालवा बंदर म्हणतात, त्याच्या मागील अंगास एका गल्लीत तीन मजल्यांची जुनी इमारत. जाळीच्या दाराची लिफ्ट, लाकडी कठड्याचा जिना, पायांखाली रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या. अशा फरश्या मुंबईतच घडत. भारत फ्लोअरिंग्ज या कारखान्याने १९२२ पासून त्या केल्या, आणि शहरातील कितीतरी जुन्या घरांची जमीन अजून त्यांनी सजलेली आहे. दारांवर क्रमांक नव्हते, पक्ष्यांची नावे होती. गुरुजींच्या वाट्यास ‘धनेश’ आला, नातीच्या ‘खंड्या’.

स्वागतिकेने मोठ्या अदबीने इंग्रजीत बोलण्यास प्रारंभ केला. गुरुजींनी मराठीत उत्तर दिले. तिने हिंदीत विचारले. त्यांनी पुन्हा मराठीतच सांगितले. ती गोड हसली आणि इंग्रजीवर परतली. बिचारीचा दोष नव्हता. ती कदाचित दूरच्या प्रांतातील असेल, आणि मॉरिशसच्या पारपत्रावर आलेला पाहुणा मराठी बोलेल अशी अपेक्षा तरी कोण धरील? मग तिने परदेशी पाहुण्यांसाठी असतो तो निराळा फॉर्म पुढे केला. कोठून आलात, किती दिवस राहणार, येथून कोठे जाणार. ‘कोठून’ आणि ‘कोठे’ या दोन्ही रकान्यांत गुरुजींनी एकच शब्द लिहिला: मॉरिशस.

लिहिण्यास लेखणी घ्यावयाची ती टेबलावरील पितळी तांब्यातून. गुरुजींचा हात क्षणभर थबकला. अगदी तसाच तांब्या, तसाच रुंद काठ आणि खाली निमुळता बसका घाट, त्यांच्या देवघरात होता. जहाजावरून जे काही उतरले त्यापैकी एवढीच वस्तू पाच पिढ्यांत टिकली होती. गणेशचतुर्थीस त्यातूनच कलश मांडला जाई; एरवी त्यास कोणी हात लावीत नसे. येथे त्यात सहा लेखण्या आणि एक कात्री होती. जिन्याखाली जुन्या पत्र्याच्या ट्रंका एकीवर एक रचून त्यांवर फुलदाणी ठेवली होती. एका ट्रंकेवर पांढऱ्या रंगात कोणाचे तरी नाव आणि गावाचा पत्ता अर्धवट पुसट झालेला दिसे. नातीस ही मांडणी फार आवडली. तिने छायाचित्र काढले. गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी ते जेवलेही थोडे.

पहिली रात्र त्यांनी जागून काढली. उशीवर मखमली डबीत कानांत घालण्याचे दोन बोळे ठेवलेले होते. यावरूनच शहराची कल्पना यावी. टॅक्सींचे भोंगे, फेरीवाल्यांची आवराआवर, कोठेतरी लग्नाची वाजंत्री, मध्यरात्रीनंतर दारूच्या दुकानातून परतणाऱ्यांची गाणी, आणि हे सर्व थांबते न थांबते तोच कावळे. गुरुजींनी बोळे घातले नाहीत. डेपोत त्या बावीस वर्षांच्या मुलास काय ऐकू येत असेल, याचाच विचार ते करीत राहिले. त्याने याआधी कधी इतके दिवे, इतकी माणसे पाहिली नसतील. तो आपल्या इच्छेने आला होता की कोणी मुकादमाने त्यास सोन्याच्या गोष्टी सांगून आणले होते? पाच वर्षांनी परत येईन असे त्याने आईस सांगितले असेल काय? उताऱ्यात या प्रश्नांसाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक चमत्कारिक उद्योग आरंभिला. मुंबईत जे जे दिसे ते त्या पुरुषाने पाहिले असेल किंवा नाही, याचा निवाडा ते करू लागले. गेट वे ऑफ इंडिया? ते १९२४ मध्ये पुरे झाले, बाद. ताजमहाल हॉटेल १९०३ चे; बाद. बोरीबंदरचे भव्य स्थानक, विद्यापीठाचा मनोरा, उच्च न्यायालय, ही सारी नंतरची. प्रवासी ज्यास जुनी मुंबई म्हणून डोळे भरून पाहतात, ती गुरुजींच्या पूर्वजाच्या दृष्टीने जन्मास यावयाची होती. त्याच्या वेळी फोर्टला अजून तटबंदी होती. ती १८६० च्या दशकात पाडली गेली. नातीने प्रथम कंटाळून, मग कुतूहलाने आपल्या फोनमधून साले काढून देण्यास सुरुवात केली. अखेर यादीत फारच थोडे उरले: १७१८ सालचे सेंट थॉमस कॅथेड्रल, १८२९ ची टांकसाळ, १८३३ चा टाउन हॉल, कुलाबा बेटास मुंबईशी जोडणारा १८३८ चा रस्ता. आणि समुद्र, हे गुरुजींनी स्वतः जोडले.

टाउन हॉलच्या पायऱ्या ते काठी टेकीत मोजून चढले. तीस भरल्या. वर एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. पायऱ्यांवर अभ्यासाची पुस्तके मांडीवर घेऊन बसलेली मुले.

“कशाला मोजता, आजा?” नातीने विचारले.

“आपल्याकडे सोळा आहेत,” ते म्हणाले.

तिला क्षणभर लागला. मग तिच्या ध्यानी आले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या त्या सोळा दगडी पायऱ्या. दर वर्षी २ नोव्हेंबरला शाळेतून त्यांना तेथे फुले वाहावयास नेत. मुलीने त्या कितीदा पाहिल्या होत्या. मात्र त्या चढणाऱ्या माणसाने त्याआधी कोणत्या पायऱ्या पाहिल्या असतील, हा विचार तिच्या मनास प्रथमच शिवला असावा. परतताना ती फारशी बोलली नाही आणि फोनही पिशवीतच राहिला.

हॉटेलातील न्याहारीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. पोहे होते, आणि चांगले होते. परंतु ते चहाच्या बशीएवढ्या पितळी थाळीत, मुठीच्या मापाने, वर एक जांभळे फूल ठेवून येत. फूल खावयाचे की बाजूस सारावयाचे, याचा निर्णय गुरुजींस चार दिवसांत करता आला नाही. शेजारच्या टेबलावरील युरोपीय जोडप्याने ते खाल्ले, एवढे खरे. तिसऱ्या दिवशी आजा-नातीने कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाऊन ब्रुन मस्का आणि चहा घेतला, आणि दोघांचेही समाधान झाले.

त्याच तिसऱ्या रात्री, झोप येईना म्हणून, गुरुजी खाली येऊन जिन्याजवळच्या खुर्चीत बसले. रात्रपाळीवर एक तरुण होता, वीस-एकवीस वर्षांचा, दिवसा खोल्या आवरणारा आणि आठवड्यातून दोन रात्री दारावर बसणारा. त्याने फोन खाली ठेवला.

“आजोबा, बरं वाटत नाही का? चहा करू?”

तीन दिवसांत त्या इमारतीत त्यांस मराठीत विचारलेले हे पहिले वाक्य. गुरुजींनी चहास होकार दिला. गाव विचारले. मुलगा लांजा तालुक्यातला, रत्नागिरी जिल्हा. बारावी होऊन मुंबईस आला. चुलता आधीपासून येथे. राहण्यास डिलाईल रोडच्या चाळीत गावकीची खोली. तीत वीस-बावीस जण. कोणी दिवसपाळी, कोणी रात्रपाळी, म्हणून सर्वांना पाठ टेकण्यापुरती जागा मिळते. प्रत्येकाची एक वळकटी आणि एक ट्रंक.

“अशी,” त्याने जिन्याखालच्या सजावटीकडे हनुवटीने दाखविले आणि हसला. “आमच्या खोलीत असल्या पंधरा आहेत. साहेबांना सांगितलं तर विकत घेतील.”

गुरुजीही हसले, त्या ट्रंका पाहून तीन दिवसांत प्रथमच.

मग त्यांनी विचारले की गावी केव्हा जाणे होते. शिमग्याला नाही जमले तरी गणपतीला जातोच, मुलगा म्हणाला. नोकरी गेली तरी चालेल. गणपतीला नाचास त्याच्याविना उभे राहतच नाहीत, तो घुंगरू बांधतो.

“आमच्याकडेही गणपतीत झाकरी असते,” गुरुजी म्हणाले.

“काय असते?”

“झाकरी. गोल फिरून नाचतात, पायांत घुंगरू, मध्ये ढोलकी…”

मुलगा खुर्चीवरून उठला. “जाखडी! आजोबा, जाखडी म्हणा. इथे मुंबईत बाल्या नाच म्हणतात. तुमच्याकडे, त्या देशात, आहे ती?”

त्याने तेथेच, रंगीत फरश्यांवर, चपला बाजूस सारून पायाचा ठेका दाखविला. वरच्या पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून अगदी हलक्या पावलांनी. दोन पावले पुढे, एक मागे, मग गिरकी. गुरुजी पाहत राहिले. त्यांच्या लहानपणी बापाने अंगणात हेच शिकविले होते. पाऊल उजवीकडे पडे की डावीकडे, एवढाच फरक असेल, आणि तोही त्यांचेच गुडघे आता सांगू शकत नव्हते. ज्या शब्दास आपण आयुष्यभर शुद्ध समजलो तो समुद्रात थोडा झिजला होता, हे या भाषाशिक्षकास एका खोल्या आवरणाऱ्या मुलाने दाखविले, आणि त्याचे त्यांस यत्किंचितही वाईट वाटले नाही.

नंतर त्यांनी वर जाऊन उतारा आणला. मुलाने तो दिव्याखाली धरला. क्रमांकाकडे त्याने पाहिले नाही, उंचीकडे पाहिले नाही. सरळ गावाच्या रकान्यावर बोट ठेवले आणि तो डागाळलेला शब्द तोंडातल्या तोंडात दोन-चार प्रकारे म्हणून पाहिला. कोकणातल्या माणसाने म्हणावा तसा तो शब्द आजवर कोणी म्हटलाच नव्हता. गुरुजींनी केवळ वाचला होता.

“उद्या सांगतो,” तो म्हणाला. “आजीला विचारतो फोनवर. तिला सगळ्या वाड्या पाठ आहेत.”

चौथा दिवस भाऊच्या धक्क्यावर गेला. आगबोटी आणि गलबतांच्या दिवसांत कोकणातला माणूस मुंबईत पाय ठेवी तो या बाजूच्या धक्क्यांवर. आता तेथून मोऱ्याला, रेवसला लाँची सुटतात, आणि मासळीच्या टोपल्यांतून वाट काढावी लागते. मोठ्या गोद्यांभोवती भिंती आहेत, आत जाता येत नाही. गुरुजींनी खिशातून एक पुडी काढली. तीत घरच्या अंगणातील माती असेल असे नातीस वाटले. निघाली साखर, मॉरिशसची, पिवळसर दाण्यांची. ज्या उसासाठी त्यास नेले त्याचीच. त्यांनी चिमूटभर पाण्यात सोडली, उरलेली नातीच्या हातावर घातली. दोघांनी ती उभ्या उभ्या खाल्ली. शेजारची कोळीण टोपली सावरीत त्यांच्याकडे बघत होती.

निघण्याच्या सकाळी हिशोब झाला. आकडा गुरुजींस शेवटी कळलाच. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. स्वागतिकेने अभिप्रायाची वही पुढे केली. तांब्यातील लेखणी घेऊन त्यांनी मराठीत दोन ओळी लिहिल्या. खोली स्वच्छ होती, पोहे थोडे अधिक द्यावेत. तांब्याविषयी काही लिहिले नाही. मात्र लेखणी परत ठेवताना, कोणी पाहत नाही असे बघून, त्यांनी त्याच्या काठावरून एकदा बोट फिरविले.

टॅक्सीत सामान चढले, तोच तो तरुण धावत आला. पाळी संपवून तो चाळीत गेला होता आणि परत आला होता. केस ओलेच होते. त्याने गुरुजींस वाकून नमस्कार केला आणि वहीचा एक फाडलेला कागद हाती दिला.

“आजी म्हणते, या तिन्हीतलं एक असणार. पहिल्या दोन आमच्याच तालुक्यात आहेत. पुढच्या वेळी मला आधी कळवा, मी रजा काढतो. रात्री कोकणकन्येत बसायचं, सकाळी रत्नागिरी.”

टॅक्सी हलली. गुरुजींनी चष्मा सामानात बांधून टाकला होता. कागद त्यांनी डोळ्यांपासून दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि शेवटी नातीच्या हाती दिला. गाडी पुलावर चढेपर्यंत ती त्या अक्षरांकडे बघत होती. मग कोणी सांगितल्याशिवाय, एकेका अक्षरावर बोट ठेवीत, मोठ्याने वाचू लागली.

“वेरवली,” ती म्हणाली. “वेरल. वरवडे.”

गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. मधल्या नावाच्या शेवटी ‘ळ’ होता, हे त्यांनी ऐकले होते. त्यांनी तिला ती तिन्ही नावे पुन्हा एकदा वाचावयास सांगितली. दुरुस्त काहीच केले नाही.